बावीस बुंधे आणि गेरूचा पट्टा

सर,

लाईट गेली आहे, ती साडेचारला येईल. तोवर दुकानात हाताला काम नाही, आणि हात रिकामा राहिला की माझं काय होतं हे तुम्ही पाहिलेलं आहे. दोनदा शटर अर्धं ओढलं, दोनदा वर केलं. समोर बेल्ह्याच्या एका व्यापाऱ्याची मोटर उघडी पडली आहे आणि तिच्याशेजारी आपली शेकरूंची वही. उद्या सकाळी ती एका बाईंना द्यायची आहे. त्या पुण्याहून येतात, शेकरूंच्या घरट्यांवर अभ्यास करतात. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्या वहीचं कुणी नाव काढलं नव्हतं, आणि आता ती द्यायची म्हटल्यावर मला एका जागी बसवत नाही.

आपली ओळखसुद्धा मोटरमुळेच झाली. ओझरच्या तुमच्या विहिरीवरची मोटर जळली, ती तुम्ही निमगावला माझ्याकडे नवी तार भरायला टाकली. न्यायला आलात तेव्हा मी प्रत्येक खाचेतले तारेचे वेढे वहीत उतरवत होतो. आधीच्या मिस्त्रीनं एका खाचेत दोन वेढे कमी घातले होते, तेही मी लिहिलं होतं. तुम्ही हायस्कुलात शास्त्र शिकवणारे, मी दहावी नापास. तुम्ही वही उभ्यानंच वाचली, चष्मा वर केला आणि विचारलंत, "झाडावरची घरटी मोजशील का?" मला वाटलं, मास्तर चेष्टा करताहेत. पुढच्या रविवारी आपण घोडेगावहून डिंभ्याच्या वरच्या वाडीला जाणाऱ्या गाडीत होतो.

त्यानंतर चार वर्षं, शेतीचा हंगाम सोडून जवळजवळ प्रत्येक रविवार. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, पण शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेताना आधी कुठली फांदी हलवून बघतं, एका घरट्यात झोपत असतानाच दुसरं कसं बांधत असतं, शिक्रा पक्षी दिसला की आवाज कसा तोडून तोडून काढतं, हे मला आज कुणीही विचारावं. तुमचा नियम एकच. रानात पेन्सिल, घरी शाई. रानात पाऊस असतो, दव असतं, शाई फुटते. पण घरी आल्यावर शाईत उतरवायचं. "पेन्सिलीतलं रानाचं असतं रे. शाईत आलं की ते तुझं. मग त्याला तू जबाबदार."

वाडीत ज्या घरी आपण जेवायचो त्या घरच्या मावशी आठवतात? नाचणीची भाकरी ताटात टाकायच्या आणि टोमणा वर. "दिसभर खारीच्या मागं हिंडताय दोघं. तिच्या लग्नाची बोलणी लावलीत का काय?" मावशींचे मालक कोपऱ्यात तंबाखू मळत हसायचे. "आगं, मास्तर हायेत ते. इचारलं तर परीक्षाच घेतील आपली." त्यांच्याच मालकीच्या उतारावर आपली सगळ्यात चांगली तेरा झाडं होती. जांभूळ, आंबा, बेहडा. फांदीला फांदी लागलेली, शेकरूला खाली पाय टाकायला न लागणारी.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत तुमच्यामागं दहावीची परीक्षा लागली. तुम्ही म्हणालात, तू एकटा जा, घरट्यांच्या झाडांना खूण करून ये, म्हणजे उन्हाळ्यात पानं झडली तरी चुकायला नको. आणि दारापर्यंत येऊन म्हणालात, "चुनाच लाव." कारण सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. मला वाटलं, कारण मला कळलेलं आहे, चुना स्वस्त पडतो म्हणून. आणि चुना दोन महिन्यांत उडतो हे मला माहीत होतं. मी गेरू घेतला, त्यात बाभळीचा डिंक उकळून घातला. तसा गेरू लाकडाला धरला की सुटत नाही, असा माझा दावा होता. तेरा झाडांना छातीच्या उंचीवर चार बोटं रुंद पट्टा. दोरी धरून मारला होता, सर. एक पट्टा वाकडा नव्हता. उतरताना मी तीन वेळा मागं वळून बघितलं, इतका तो सरळ होता.

तुम्हाला मी काहीच सांगितलं नाही. उन्हाळ्यात दाखवून चकित करायचं होतं.

मार्च संपता संपता आपण दोघं वर गेलो तेव्हा उतार उघडा पडला होता. कोळशाच्या भट्ट्यांचा धूर अजून निघत होता. तुम्ही बुंधे मोजलेत, मीही मोजले. बावीस. मालक खाली मान घालून उभे होते. म्हणाले, नऊ झाडं ठेकेदाराला विकली होती, लेकीकडं गेलो होतो, मागं सगळी पाडली. "मुकादम म्हणतो, बावीस झाडांना गेरू व्हता. पट्टा दिसला का कुऱ्हाड लावायची, ही आमच्याकडची रीतच हाय, सर. इकल्या झाडाला गेरू." आणि तिथं, त्या क्षणी, मला तुमच्या चुन्याचं कारण कळलं.

वाटेच्या कडेला एक ओंडका भट्टीत जायचा राहिला होता. त्यावर माझा पट्टा होता. मी जाऊन त्यावर बसलो. नीट, पट्टा झाकेल असा.

तुम्ही मालकांना म्हणालात, "नऊ विकली तर बाकीच्या तेरांना पट्टा कुणी मारला? भुतानं?" तुमचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "देवाशपथ सांगतो, नवाच्या वर एक पट्टा माझा न्हाई." तुम्ही म्हणालात, "चार वर्षं तुमच्या घरचं अन्न खाल्लं, आता त्याचीच लाज वाटते." मावशी दारात होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मी ओंडक्यावर बसून होतो. अर्धा तास असेन. मी त्या अर्ध्या तासाची वेळ लिहिलेली नाही. माझ्याकडून वेळ लिहायची राहिली, असं तेवढं एकदाच झालं.

परतीची गाडी निघून गेली होती. उतरताना पायवाट अरुंद, मी पुढं आणि तुम्ही मागं. डिंभ्यापर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, रागानं. घरी पँट काढली तेव्हा बायको म्हणाली, "अगं बाई, मागं हे लाल कशाचं?" घामानं सुटला होता, सर. डिंक घातलेला गेरू सुटतो.

तुम्ही ते पाहिलं की नाही, हे मी इतकी वर्षं माझ्यापुरतं 'नाही' असं लावून घेतलं होतं. त्या संध्याकाळी मी वहीत शाईनं लिहिलं, बावीस झाडं तुटली, त्यांत घरट्यांची तेरा, कारण मालकानं ठरल्यापेक्षा जास्त विकली. तुम्ही वाचलंत आणि फक्त एवढंच म्हणालात, "खाली चार ओळी जागा सोड." मी सोडली. शेवटच्या आजारपणात वही माझ्या हातात दिलीत तेव्हाही तेच. "त्या पानाखाली जागा आहे. राहू दे." मला वाटलं, पुढं कधी त्या उतारावर जाऊन नव्या नोंदी घ्यायच्या असतील.

आता बाई म्हणतात, तुमच्या नोंदीतून मोठी गोष्ट निघते. घरट्यांच्या तेरा झाडांतलं एकही वाचलं नाही, म्हणजे शेकरू निवडतं तसलीच उंच, सरळ झाडं लाकूडवालाही निवडतो. हे त्यांना लेखात घालायचं आहे. मी म्हणालो, बघू. त्यांना उतार दाखवायला गेल्या रविवारी वर घेऊन गेलो.

मावशींनी मला ओळखलं. मालक दोन वर्षांपूर्वी गेले. बाई अंगणात फोटो काढत होत्या, तेवढ्यात मावशी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "सर लई मोठा माणूस. त्या भांडणानंतर आठ दिसांनी एकलेच आले व्हते, डिंभ्यापासनं चालत. ह्यांचे पाय धराया लागले, ह्यांनी धरू दिले न्हाईत. म्हणाले, चूक आमच्याकडनं झाली, तुमी खरं बोलत व्हता." मी विचारलं, आमच्याकडनं म्हणजे कुणाकडनं? "त्ये न्हाई सांगितलं, भाऊ. ह्यांनी इचारलं बी न्हाई. तवापासून हे कुणालाबी सांगायचे, मास्तर माझ्या दारात आला व्हता."

आठ दिवसांनी, चालत. तुमच्या गुडघ्यात तेव्हा पाणी झालं होतं. आणि पुढच्या रविवारी तुम्ही मला नेहमीसारखं विचारलंत, "पेन्सिल घेतलीस?"

सांगायची वेळ तीच होती. बाई बाहेर, मावशी समोर. मी म्हणालो, चहा छान झालाय. बशी खाली ठेवली, उठलो, आणि उठताना मागून पँट झटकली.

आत्ता व्यापारी येऊन गेला. "काय राव, मोटर व्हतीय का आज? का कुणाला पत्रं लिहिताय?" लाईट नाही म्हटलं. "मग हातानं फिरवा की," म्हणाला आणि हसत गेला. चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

बाई मोठ्या शिकलेल्या, पण उद्या त्यांच्या लेखात शेकरूच्या निवडीबद्दल जे छापून येईल ती माझ्या गेरूची निवड असेल. तेवढं मला चालणार नाही. मालकांचं मला काही करता येत नाही, तुमचंही नाही. मावशी आहेत. त्यांच्याकडं बाईंना घेऊन पुन्हा जायचं की एकट्यानं, हे ठरत नाही. एकट्यानं जायला हवं, चालत.

हे पत्र वहीत ठेवणार नाही, कुठंच ठेवणार नाही. वहीत त्या चार ओळींच्या जागेत एकच ओळ लिहिली आहे. तेरा झाडांना गेरू मी लावला, सरांनी चुना सांगितला होता. अक्षर नीट आलं आहे. तीनदा वाचून बघितलं, चूक नाही.

फक्त सर, ती ओळ अजून पेन्सिलीत आहे.