डांबराखालचा नंबर

मंगळ. ४ जाने. २००५
कशेळीच्या पुलाअलीकडे अडवलं. मला वाटलं, बाई जीप चालवतेय म्हणून मजा बघायला. नेहमीचंच. पण पोलीस खरंच कागद मागत होता. आर.सी. बुक उघडलं, तारखेवर बोट ठेवलं. "ताई, गाडीला पंधरा वर्षं झाली. मुदत संपलीय. पासिंग करून घ्या." मागच्या लांब सीटवर हे आडवे. डायलिसिस झालं की ह्यांना बसवत नाही, निजवूनच आणावं लागतं. पोलिसाने आत डोकावून पाहिलं, जरा नरमला. "आज सोडतो. पुन्हा दिसली तर उचलून नेणार."

घरी आल्यावर बुक पुन्हा उघडून बघितलं. सासऱ्यांनी घेतलेली गाडी. ते गेल्यापासून ते बुक कुणी उघडून पाहिलंच नाही. शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेते आणि घरच्या कागदावरची तारीख दिसत नाही मला. शाब्बास!

बुध. ५ जाने.
चौकशी केली. जुन्या गाडीची पुन्हा नोंदणी करायची. आधी पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी. मग ठाण्याला आर.टी.ओ.च्या मैदानात गाडी उभी करायची. साहेब बघणार. पास तर पुढची पाच वर्षं. नापास तर भंगार.

भंगार म्हणे. मंगळवार-शुक्रवार कामतघरहून ठाण्याला ह्यांना कशात घालून नेऊ? टोपलीत? दरवेळी भाड्याची गाडी करायला माझा पगार पुरायचा नाही.

हे ओटीवरून म्हणाले, "गाडीचं पन वय झालं गो. माझ्यासारखं." म्हटलं, गाडीचं पासिंग करून आणते, तुमचंपण आणते. हसले नाहीत. पूर्वी अशा बोलण्यावर मलाच चार ऐकवले असते.

शुक्र. ७ जाने.
पोलिसाच्या भीतीने जीप काढली नाही. रिक्षा केली. जाताना ठीक. येताना मानकोलीजवळ खड्ड्यांत ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावरून घसरलं. डोळे फिरलेले. रिक्षावाला ओरडतोय, "भाभी, मेरे रिक्शे में कुछ हो गया तो?" रस्त्याच्या कडेला निजवलं, तोंडावर पाणी मारलं, पदराने वारा घातला. लोक जमले. कुणी कांदा आणा म्हणतंय, कुणी चप्पल हुंगवा. बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

पुन्हा रिक्षा नाही. मेले तरी नाही.
(असं लिहू नये. लिहिलं गेलं.)

सोम. १० जाने.
अर्धी रजा टाकून पीयूसीला. पंपावरचा माणूस पहिलं वाक्य काय बोलला? "मॅडम, गाडी कशाला आणली? नुसता नंबर सांगितला असता तरी झालं असतं." म्हटलं, आणलीय ना, तपास. त्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली. "दाबा. अजून दाबा." दाबला ॲक्सिलेटर. काळाकुट्ट लोट! मागे उभ्या चाचांचा पांढरा पायजमा राखी झाला, ते काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मशीन म्हणालं फेल. "आता मशीनला लावलं तुम्ही. मशीन खोटं बोलत नाय." मोठी हरिश्चंद्राची लेक मी!

तिथून शेलारला रफिकभाईंच्या गॅरेजात. सासऱ्यांच्या वेळेपासून तेच गाडी बघतात. "डीझल पंप खोलना पडेगा भाभी. नोझल भी गये. मंगल का आपका काम कर लो, फिर छोड जाओ. जुम्मे की सुबह ले जाना." ह्यांची तब्येत विचारली. मी रडेन असं वाटलं म्हणून लगेच निघाले.

शुक्र. १४ जाने., संक्रांत
पास! पास! पास!
रफिकभाईंनी शब्द पाळला. त्याच पंपावर, त्याच माणसासमोर दाबला ॲक्सिलेटर, धूर नावालाच. त्याला तिळगूळ दिला, म्हटलं गोड बोल आणि नंबर बघून सर्टिफिकेटं वाटू नकोस. कसनुसा हसला.

डायलिसिसला जीपनेच. येताना कशेळीला पोलीस होता, पण दुसऱ्याच ट्रकवाल्याशी हुज्जत चाललेली. ह्यांना तीळ-गूळ बंद आहे, तरी अर्धा लाडू दिला. डॉक्टरांना कळलं तर मला झोडपतील. खाल्ला. म्हणाले, "पाक जरा कच्चा ऱ्हायला." किती दिवसांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली! फार बरं वाटलं.

सोम. १७ जाने.
आर.टी.ओ.चं मैदान. ऊन, धूळ, रांग. दिवे, ब्रेक, हॉर्न, सगळं पास. मग साहेब म्हणाले, "चॅसिस नंबर दाखवा." गाडीच्या खालच्या सांगाड्यावर लोखंडात ठोकलेला असतो तो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात, छाप उमटतो, तो बुकाशी जुळवतात. साहेब वाकले, बॅटरी मारली. "हे काय? खालून रस्ता केलाय का?"

डांबर. थरावर थर. सांगावंच लागलं. सासऱ्यांची खाडीत रेतीची होडी होती. पावसाळ्याआधी होडी उपडी घालायची, जुनं डांबर खरवडायचं, नवा हात द्यायचा. होडी विकून जीप घेतली तर दर मे महिन्यात जीपलाही खालून डांबर. शेजारी हसायचे. ते म्हणायचे, "खारा वारा लाकडाला खातो तसा लोखंडाला पन खातो." साहेब मनापासून हसले. "म्हणूनच गंजली नाही. एवढं खरवडून नंबर दाखवा, गुरुवारी या. बाकी गाडी ठणठणीत आहे."

एवढंच राहिलं. फक्त खरवडायचं. परतताना एकटीच गाणं म्हणत होते.

मंगळ. १८ जाने.
येताना मागून निजल्या निजल्या म्हणाले, "डांबर मी काढतो. होडीचं मीच काढायचो." मी आरशातून बघितलं. गेल्या दिवाळीपासून ह्या माणसाने स्वतःहून पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नाही.

मग होडीचं सांगत बसले. खरवडताना हात नाही, कान लावायचा. डांबर घोगरं बोलतं. खाली लाकूड लागलं की खरवडायच्या पत्र्याचा आवाज मोकळा होतो. "आवाज बदलला की थांबायचं. बाबा लांबून आयकून सांगायचे, बस, लाकूड बोललं." कामतघर येईपर्यंत बोलत होते. मी मुद्दाम गाडी हळू चालवली.

बुध. १९ जाने.
शाळेतून आले तर हे चाकापाशी पोत्यावर बसलेले, अंगभर काळे. हातात पॉलिश पेपर. "बघ गो, कसं झालं." मी खाली वाकले. लोखंड आरशासारखं चकचकीत. नंबर?
बोट फिरवलं. गुळगुळीत. एका टोकाला कसलीशी वळणाची सावली, तीन असेल, आठ असेल.
"अहो, नंबर कुठाय?"
"आवाजाची वाट बघत होतो. बदललाच नाय."
"ते लाकूड होतं! हे लोखंड आहे, लोखंड!"
मी ओरडले. अख्ख्या आळीने ऐकलं असेल. हे तसेच बसून राहिले, हातातला पेपर दुमडत, उलगडत. मग मीच बादलीत गरम पाणी काढलं, रॉकेल लावून त्यांचे हात धुतले. नखांतलं निघालं नाही.

गुरु. २० जाने.
साहेबांचा चेहराच बदलला. "मॅडम, नंबर घासलेली गाडी म्हणजे आमच्या लेखी चोरीची गाडी." अहो, परवा तुम्हीच हसलात ना, डांबर, होडी... "परवा हसलो. आज नाही हसता येत." आता पोलिसांचा दाखला, की गाडी चोरीची नाही. मग अर्ज. मग वरून हुकूम आला की नंबर पुन्हा ठोकून मिळणार. किती दिवस? "दिवस नाही, महिने धरा." तोवर रस्त्यावर आणायची नाही. "खरं तर मी ती इथेच लावून घ्यायला पाहिजे. तुमच्याकडे बघून घरी न्या म्हणतो. नेऊन उभी करा, हलवू नका."
हात जोडले मी त्यांना. भर मैदानात. काही उपयोग नाही.

शुक्र. २१ जाने.
चुकलं. डायलिसिस चुकलं.
आज बकरीद. भाड्याच्या व्हॅनवाल्याकडे दोनदा गेले, गाडी पाहुण्यांना आणायला गेलेली. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स दुसरीकडे. मी जीपची किल्ली घेतली तर हे म्हणाले, "साहेबानं सांगितलंय ना हलवू नका? एक दिवसानं काय होतंय." मी ऐकलं! मी कधी कुणाचं ऐकते का? आजच का ऐकलं?
रात्री तोंड सुजलेलं. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. दवाखान्यात फोन केला. पाणी मोजून द्या, म्हणाले, आणि मंगळवार कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका.

रवि. २३ जाने.
लेकीचा, सुजाताचा, पडघ्याहून फोन. तिला नववा लागलाय, तिला काही कळवायचं नाही असं ठरलेलं. हे बोलत होते, मी मोरीत. ऐकलं ते असं: "गाडीच गेली गो. आता काय? तुझ्या आईनं किती वढायचं? सुटली बिचारी."
आणि आवाज कसा, तर हलका. लग्नातून जेवून आल्यासारखा.

सुटली?
तेव्हापासून डोक्यात एकच. आवाज बदलला नाही म्हणाले. की बदललेला ऐकला आणि तरी घासत राहिले? पत्र्याने डांबर निघालंच असणार. मग पॉलिश पेपर कशाला?
नाही. देवा, काय विचार करतेय मी. ह्यांना हल्ली कमीच ऐकू येतं. टीव्ही मोठ्याने लावतात. मघाशी मागून हळूच हाक मारून पाहिली. वळले नाहीत. दुसऱ्यांदा मारली. "आयकतोय गो." वळले नाहीतच.

सोम. २४ जाने.
चौकीत गेले. दाखल्याला आठवड्याने या. व्हॅनवाला म्हणतो उद्या नक्की नाही सांगत, मागे एकदा नेलं तेव्हा भाईसाबने सीटवर उलटी केली होती.

दुपारी हे निजलेले. पत्रा घेतला, जीपखाली शिरले. दुसऱ्या बाजूला, जिथे डांबर तसंच आहे, तिथे खरवडायला लागले. खर्र खर्र. घोगरं. ढलप्या तोंडावर पडत होत्या. आणि मग एकदम मोकळा आवाज, थाळीवर उलथनं लागावं तसा. इतका स्पष्ट की मी स्वतःच दचकले. पुन्हा दुसरीकडे करून पाहिलं. तिथेही तसाच.
लोखंडही बोलतं.
बराच वेळ तशीच खाली पडून राहिले. विचारायचं का? विचारून काय करू? "हो" म्हणाले तर मी त्या "हो"चं काय करू? "नाय" म्हणाले तर विश्वास ठेवणार आहे का मी? रागाने नुसता जाळ झालाय. एवढं वढतेय मी, आणि हे परस्पर मला सोडवायला निघाले! कुणी सांगितलं होतं मला सोडवायला?
बाहेर आले तर हे ओटीवर उभे. कधी उठले कोण जाणे. माझ्या हातातला पत्रा बघितला, तोंडावरचं काळं बघितलं.  मी मोरीत तोंड धुवायला गेले.

मंगळ. २५ जाने.
सकाळ. व्हॅन नाही.
शाळेत निरोप पाठवला. उशी, चादर, पाण्याची बाटली, फाइल, सगळं जीपमध्ये ठेवलं. ह्यांना म्हटलं, "निघायचंय." म्हणाले, "धरतील गो." म्हटलं, "धरू दे. गाडी जप्त केली तर तिथून पाठुंगळी घेऊन जाईन. माझं वढणं मी बघीन. मला सोडवायचं नाही." शेवटचं वाक्य मोठ्याने म्हटलं. ऐकू गेलं. ह्या वेळेला नक्की ऐकू गेलं, कारण मान खाली घातली.

जीप चालू करून बसलेय. वही स्टेअरिंगवर. धूर अजून स्वच्छ आहे. हॉर्न दिला. हे आतून ओटीवर आले, भिंत धरत, पायरीवर बसले. वाकलेत. हात चपलांपाशी आहेत.
घालतायत की बाजूला सारतायत, इथून दिसत नाही.