घास उतरेस्तोवर

९ सप्टेंबर १९८३, शुक्रवार

शाळेतून थेट दवाखाना. मोठ्या बाईंनी अर्धी रजा दिली, पण तोंड वाकडं करून. करू दे.

हे पलंगावर बसलेले, पुढ्यात दुधाचा पेला. अर्धा संपवायला तासभर गेला म्हणे. ऑगस्टपासून पोळी नाही, भाकर नाही. दूध, पेज, वरणाचं वरचं पाणी. गाठ अन्ननलिकेत, छातीच्या हाडामागे. कापून काढायच्या पलीकडे गेलेली.

आज डॉ. बोकारेंनी दोघांना समोर बसवलं. पोरगाच आहे, मुंबईला शिकून आलेला. सांगितलं ते सरळ सांगितलं, त्यामुळे बरा वाटला. दोन औषधं आहेत. एकेकटं देऊन फार काही हाती लागत नाही. दोन्ही मिळून देऊन पाहायचं आहे, इथे अगदी थोड्या पेशंटना. उलट्या खूप होतील, किडनीला धोका, आणि खात्री काहीच नाही. करून पाहू.

यांनी, बाजारात संत्र्यांचा लिलाव बोलणाऱ्या माणसाने, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डाक्टर, मी तीस वर्षं संत्र्याचा हर्रास बोलून राहिलो. जो गिऱ्हाईक 'पाहू' म्हंते, त्याले मी बाजूले उभा करतो." डॉक्टर हसले. म्हणाले, करा मला बाजूला उभं, पण ढिगापासून हाकलू नका. सही केली यांनी. खाली माझी.

या आठवड्यात मारबत निघाली, रोगराई सोबत नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. मी चौथीच्या पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, फुटपाथवर उभी राहून ओरडले, ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत. घसा बसला. कोणी ओळखीचं नव्हतं म्हणून बरं.

१२ सप्टें., सोमवार

कालपासून सलाईनवर सलाईन. किडनी धुऊन ठेवायची म्हणे. लघवी मोजून लिहायची, ते काम माझ्याकडे. सकाळी औषधाची बाटली लावली. उजेड लागू द्यायचा नाही म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेली. एक्सरेच्या फिल्मसोबत येतो तोच कागद.

शेजारच्या पलंगावर रामटेके, सावनेरकडचे, कोळसा खाणीतले. पोटाचा कॅन्सर, औषध हेच. बाटलीकडे पाहून म्हणाले, "जयभीम वहिनी. हे तं आमच्या खाणीतूनच आली वाटते." मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

दुपारपासून उलट्या. बालटी रिकामी केली की भरतेच. पोटात काही नाही तरी.

१३ सप्टें.

उलट्या. शाळा नाही.

मी डॉ. बो. ना विचारलं, इतकं बाहेर पडून राहिलं तर औषध लागू पडतंय असं समजायचं का. म्हणाले नाही, उलटीचा आणि गुणाचा संबंध नाही. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं.

१६ सप्टें.

दुसऱ्या औषधाची शेवटची बाटली संपली. हाताची शीर काळी पडली. सोमवारी घरी.

२६ सप्टें., सोमवार

तोंडात छाले. दूध गार करून चमच्याने. चिडचिड इतकी की काल पेला भिंतीवर मारला. मी पण ऐकून घेतलं नाही. म्हटलं, पेला मारता तेवढी ताकद गिळायला लावा. 

संध्याकाळी स्वतःच बोलले. मे महिन्यात काटोलला लग्नात वडा अडकला होता ते. पंगत उठली, कोणी पाठीत मारतंय, कोणी पाणी ओततंय, पाणी नाकातून परत. मी बायकांच्या बाजूला होते, कळलं तेव्हा सगळं उरकलेलं. मला वाटायचं विसरले असतील. म्हणाले, "तवा मी मेलोच होतो वं. श्वास नव्हता. अजूक तेच येते डोळ्यापुढे, काही तोंडात घेतलं की." डावा हात छातीवर. तो हात तिथेच असतो आताशा.

११ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा डोस कालपासून. या वेळी उलटीचं इंजेक्शन आधीच दिलं, जरा कमी आहे. कानात शिट्टी वाजते म्हणतात.

रामटेके पलंगावर मांडी घालून मोसंबं खातात, मजेत. यांना म्हणाले, भाऊ, एकदा हर्रास तं बोलून दाखवा, आम्ही कोळसेवाले, आम्ही काय पाह्यलं. हे नाही नाही म्हणत उठून बसले. आवाज कसला, फाटकं गोणपाट. पण बोलले. ढिगातलं एक फळ उचलायचं, सोलायचं, एक फोड तोंडात टाकायची आणि मग बोली फोडायची. वॉर्डातले सगळे ऐकत होते. सिस्टर पण थांबली.

रामटेकेंनी विचारलं, आंबट निघालं तं? थुकता का?

हे म्हणाले, "थुकलं की भाव पडला. शेतकरी समोर उभा असते ना बापा, त्याचा वर्षाचा माल. किती का आंबट राहो, चोथ्यासकट गिळा लागते. तोंड वाकडं नाही करा लागत."

मग खोकला आला, झोपले. मला बरं वाटलं उगीच.

२४ ऑक्टो., सोमवार

आज लिहायला बसले ते चांगल्या कारणाने.

बेरियमचा फोटो. पांढरं खडूच्या पाण्यासारखं प्यायला देतात आणि एक्सरे काढतात. ऑगस्टच्या फोटोत ते पाणी मध्येच अडून दोऱ्याएवढं होऊन खाली टिपकत होतं. आजच्या फोटोत वाट उघडलेली. पूर्ण नाही, पण बोटभर तरी. डॉ. बो. दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरून उभे. म्हणाले, बाई, मलाही एवढं वाटलं नव्हतं.

मी तिथेच खुर्चीवर बसले. 

पण मग यांचं वजन केलं, आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. वाट उघडली तरी हे पेजेवरच. डॉक्टर म्हणाले, भात खा, खिचडी खा, उतरेल आता. दिवाळी झाली की तिसरा डोस आहे, पण वजन असंच घसरलं तर देता येणार नाही, किडनी सोसणार नाही. मग पोटाला बाहेरून भोक पाडून नळी घालावी लागेल, आणि औषध तिथेच थांबेल.

हे म्हणाले, हाव, खातो. मला माहीत आहे यांचं हाव.

२५ ऑक्टो.

मऊ खिचडी, तूप घालून. एक घास तोंडात. फिरवत बसले, फिरवत बसले, मग हळूच रुमालात.

मी म्हटलं फोटोत उघडलंय. म्हणाले, "फोटो तुयाजवळ आहे, गळा मायाजवळ आहे."

२७ ऑक्टो.

वरणभात मोडून. रुमालात. रव्याची खीर गेली थोडी, पण गाळून मागितली. गाळून म्हणजे दूधच झालं ना ते.

आज मी तोल सोडला. म्हटलं, काहून भेता इतके? गाठीने नाही मारलं तुम्हाला, तुमच्या भेवाने मारून राहिलात स्वतःला, आणि सोबत मले. दीड महिना मी बालट्या उचलल्या, लघव्या मोजल्या, शाळेत बोलणी खाल्ली, ते काय या रुमालासाठी? शेजारणीने दार लावून घेतलं बिचारीने.

हे उठले. नंतर मोरीत गेले आणि स्वतःचे रुमाल स्वतः धुतले. ते पाहवलं नाही. मी जाऊन हातातून घेतले.

पण शब्द परत घेतले नाहीत. खरेच होते ते.

२९ ऑक्टो.

दवाखान्यात गोळ्या आणायला गेले तर रामटेकेंचा पलंग रिकामा. त्यांच्या पोटात पाणी साचलं, औषध चाललं नाही. घरी पाठवलं. सिस्टर म्हणाली, जाताना यांच्यासाठी निरोप ठेवून गेले, भाऊले सांगजा, मी खाऊन राहिलो तवा लागू नाही पडलं, त्यायले लागू पडलं तं खाऊन घ्या म्हणा.

घरी येऊन निरोप सांगितला. पलंगाचं नाही सांगितलं. यांनी विचारलंच, पलंग कोणाले देला? मग सांगितलं. भिंतीकडे तोंड करून झोपले.

१ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं नीट लिहिते.

दुपारी वसंता आला, काटोलहून. यांचा धाकटा भाऊ. टोपलीत अंबिया बहाराची पहिली संत्री. मला वाटलं भावाला भेटायला आला, पण तोंड उतरलेलं. अडत्याने माल पाहून भाव पाडला, आंबट आहे म्हणे. बगीच्यातला अर्धा माल तोडून ठेवलेला, उरलेला तोडावा की नाही कळेना. यांच्यासमोर उकिडवा बसला आणि टोपली पुढे सरकवली. म्हणाला, "दादा, तूच सांग गा. तुयाशिवाय कोणावर भरोसा नाही."

यांनी एक उचललं. तळहातावर तोललं. देठाकडून अंगठा घातला, साल उतरवली. मी चहा ठेवून स्टोव्हकडे वळले होते, पण त्या सालीच्या वासाने मागे पाहिलं. फोड तोंडात. डोळे मिटलेले. वसंता यांच्या तोंडाकडे बघतोय, श्वास धरून. त्याच्या वर्षाचा माल.

आणि यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. तोंड वाकडं केलं नाही.

मी चिमटा हातात धरून उभी. हलले नाही.

हे सुरूच. "काहून तोडला गा इतक्यात? आठ दिस अजूक झाडावर राहू द्याचा होता. गोडी चढूनच राहिली होती. बगीच्याचं पाणी केव्हा तोडलं?" दुसरी फोड तोंडात. वसंता काही सांगतोय पाण्याचं, हे त्याला रागावताहेत, उरलेला आठ दिवस तोडू नको, तोडलेला रसवाल्यांना देऊन टाक, आणि अडत्याला म्हण दादाने चाखला. दुसरी गेली. वसंताने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडणार होता. मी चिमट्यानेच खूण केली, गप राहा.

तिसरी हातात घेतली आणि थांबले. फोडीकडे पाहिलं. मग टोपलीकडे, मग सालीकडे. डावा हात मांडीवरच होता, इतका वेळ. तो आता छातीवर गेला.

"कमल."

"काय?"

"दोन उतरल्या का वं?"

"उतरल्या," मी म्हटलं. "चोथ्यासकट."

 मग तिसरी पण टाकली तोंडात, आता मुद्दाम, भीत भीत, हात छातीवर दाबून. ती पण गेली. वसंता ढसाढसा रडायला लागला, मोठा बाप्या. हे त्याला म्हणाले, "रडून काहून राहिला, आंबट आहे म्हटलं, सडका नाही म्हटला."

चहा उतू गेला. स्टोव्ह विझला. मी स्टोव्ह पुसायच्या निमित्ताने पाठ केली आणि पदरात तोंड घालून रडले. सुटल्यासारखं झालं. मे महिन्यापासून छातीत धरून ठेवलेलं सगळं.

२ नोव्हें.

सकाळी मऊ भात, वरण. आधी संत्र्याची फोड, मग भात. रुमाल मागितला नाही. मी काढून ठेवलाही नव्हता.

४ नोव्हें., लक्ष्मीपूजन

अनारसा मी नको म्हटलं तरी यांनी अर्धा घेतला.  मी पणत्या लावल्या आणि देवापुढे भांडल्यासारखी उभी राहिले, आता परत घेऊ नको म्हणाले.

७ नोव्हें., सोमवार

वजन थोडं चढलं. थोडंच. डॉ. बो. नी काटा दोनदा पाहिला आणि म्हणाले, लावू बाटली.

विचारलं काय खाल्लं. हे म्हणाले संत्रं. डॉक्टर म्हणाले अहो मी खिचडी सांगितली होती.  त्याला कुठून समजावणार.

काळ्या कागदातली बाटली पाहून हे बाजूच्या पलंगाकडे बघत राहिले. आता तिथे दुसरा कोणी आहे, हिंगण्याच्या कारखान्यातला, तरुण. तो घाबरून विचारत होता उलट्या फार होतात का. हे म्हणाले, "हाव, होतात. मस्त होतात. पण होऊन जातात."

२० नोव्हें.

वसंता सावनेरला जाऊन आला, मी पाठवलं होतं, गोड झालेल्या संत्र्यांची टोपली घेऊन. रामटेके झोपूनच असतात. एक फोड तोंडात धरून चोखली म्हणे. बायकोने जयभीम सांगितला आहे. यांना सांगितलं. ताटाकडे पाहत राहिले, पण जेवले.

९ डिसेंबर, शुक्रवार

चौथा डोस झाला. कानातली शिट्टी काही जात नाही, डावा कान तर कामातून गेला असं म्हणतात. हर्रासात बोली ऐकू येईल की नाही ही काळजी. म्हणजे परत जायचं मनात आहे.

आज डॉ. बो. नी जायच्या आधी बसवलं. गाठ आहे, लहान आहे, झोपली आहे असं समजा. किती दिवस झोपेल ते मला सांगता येत नाही, कोणालाच नाही. जानेवारीत फोटो काढू. मग पाहू.

मी यांच्याकडे बघितलं. वाटलं आता ऐकवतील काहीतरी.

रिक्षात बसले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "पाहू म्हंते डाक्टर." आणि थोड्या वेळाने, "म्हणू दे. गिऱ्हाईक ढिगापाशी उभं आहे ना अजूक."

घराजवळ भाजीवाली दिसली. रिक्षा थांबवली. मी विचारलं, उद्या भाजी कशाची करू? ऑगस्टनंतर आज पहिल्यांदा विचारलं हे.

म्हणाले दोडका नको.