ताचुएलाची संध्याकाळची सुई

प्रिय यास्ना,

हो, खालच्या ओर्तेन्सियाबाईंनी तुला फोन करून जे सांगितलं ते खरंच आहे. तुमचा ताचुएला बोका मरता मरता वाचला. 'त्या रायेननेच घालवलं असतं बिचाऱ्याला, अतिशहाणी कुठली,' असंही माझ्याबद्दल म्हणाल्या असतील. डोंगरावरच्या आपल्या जिन्याच्या प्रत्येक दारात त्या हेच सांगत सुटल्यात. सांगू देत. पण तू मात्र सगळं ऐक, पहिल्यापासून, आणि प्लीज मधेच तिकडे नोकरीवरून, कालामाहून, फोन लावू नकोस. तू फोन करतेस तेव्हा मी बहुतेक तुझ्या बाबांच्याच स्वयंपाकघरात असते. ते स्वतः, नीबाल्दोकाका, समोर बसलेले असताना मला यातलं काहीच बोलता येणार नाही.

तू ईस्टरला आलीस तेव्हाच तो घटाघटा पाणी पीत होता, आठवतंय? भांडं संपवून बाथरूमच्या नळाखाली जाऊन बसायचा आणि आपण हसत होतो. तू गेल्यावर तो खाऊन खाऊन बारीक व्हायला लागला. मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागला, एखाद्या म्हाताऱ्या सशासारखा. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी कानाला टोचून रक्ताचा थेंब काढला आणि म्हणाल्या, डायबेटिस. मी ओरडलेच, 'मांजराला?' तर काका शांतपणे म्हणाले, 'का, मांजराने काय घोडं मारलंय? माझ्या आईला होता, भावाला होता. आता घरातल्या बोक्याला झाला. घराण्याला धरून आहे पोरगा.' डॉक्टरबाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, रोज दोन सुया, सकाळी आणि संध्याकाळी, खाण्याबरोबर. खाणं ठरलेलंच, दुसरं काही नाही. आणि सगळं नीट सांभाळलं तर काही मांजरांचं इन्शुलिन पुढे सुटतंसुद्धा. यास्ना, ते 'सुटतंसुद्धा' मी इतकं घट्ट धरून ठेवलं की काय सांगू.

तुला माहितीये मी कशी आहे. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. मी सगळे व्हिडिओ पाहिले, सगळं वाचलं आणि सुटले जिन्यावर. आपल्या जिन्यावरचं मांजर म्हणजे एका घरचं थोडंच असतं? वरच्या घरी माशाचं डोकं, मधल्या घरी सॉसेज, खाली ओर्तेन्सियाबाईंकडे दुधात बुडवलेला पाव. मी दारोदार जाऊन समजावलं. गळ्यात पट्टा बांधला, त्यावर 'मला खायला देऊ नका' असं लिहिलं. ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या, 'अगं, या बोक्याला तू मठात घातलंस की मिलिटरीत? बघ कसा बघतोय माझ्याकडे, अनाथासारखा!' मी म्हटलं, 'तुमच्या पावाने तो आंधळा होईल, बाई.' त्यावर त्या म्हणाल्या, 'माझ्या पावाने या डोंगरावरची तीन पिढ्या पोरं वाढली, एकही आंधळं झालं नाही. तू सोडून. तुला तर लग्नाचा मुलगासुद्धा दिसत नाही.' पण पाव बंद केला त्यांनी. खरंच केला.

सुई मात्र मला जमेना. मी इतका वेळ नेम धरत बसायचे की ताचुएलाच वैतागून निघून जायचा. शेवटी काकांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली, मानेमागची कातडी दोन बोटांत हलकेच उचलली आणि दिलीसुद्धा. त्याने खाण्यातून तोंडही वर केलं नाही. काका म्हणाले, 'जन्मभर लोकांच्या खुर्च्या-सोफे मढवले मी. कापड कुठे सैल असतं ते बोटांना कळतं गं. तू आपली कॉलेजात जा.' मग त्यांनीच मला शिकवलं, जुन्या उशीवर. आणि आम्ही वाटून घेतलं. सकाळची सुई मी द्यायची, वर्गाला उतरण्याआधी. संध्याकाळची त्यांनी, चहाच्या वेळेला.

आणि यास्ना, काय बदलले ते! तुझी आई गेल्यापासून तू त्यांना दाढी केलेलं पाहिलंस कधी? आता रोज करायचे. 'पेशंटसमोर बावळटासारखं कसं जायचं?' म्हणायचे. अंथरूण आवरलेलं, खिडकी उघडी. दुपार उतरली की टेबलावरचं ऑइलक्लॉथ पुसून तयारी मांडायचे आणि बाटली दोन तळव्यांमध्ये हळूहळू फिरवत बसायचे, कारण ती हलवायची नसते. आणि त्याला गोष्टी सांगायचे. दोन महिन्यांत ताचुएलाचं वजन वाढलं, टाचा परत वर आल्या, एकदा तर तो ओर्तेन्सियाबाईंच्या कौलांवर जाऊन बसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, असंच चालू राहिलं तर डोस कमी करू. मी त्या दिवशी जिना नाचत चढले.

बारीकसारीक गोष्टी व्हायच्या. एकदा इन्शुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्यात सापडली, पार गोठलेली. फेकून नवी आणावी लागली. म्हटलं, होतं कोणाकडूनही. कधी कधी ते मला तुझ्या नावाने हाक मारायचे. मला ते आवडायचंच, खरं सांगू? आणि जवळजवळ रोज विचारायचे, 'काय गं, याला झालंय तरी काय?' मला वाटायचं, गंमत करतायत. मीही रोज तितक्याच गंभीरपणे सांगायचे, 'डायबेटिस.' आणि ते रोज म्हणायचे, 'मांजराला?'

गेल्या शनिवारी मी पाव घेऊन चहाला वर गेले. दारातूनच काका चिडून म्हणाले, 'किती उशीर! याची सुई राहिलीये अजून.' ते सिरिंज भरत होते. ताचुएला टेबलाखाली होता. मला बघून उठला आणि एका बाजूला कलंडला, परत उठला, परत कलंडला. आणि ऑइलक्लॉथवर वापरून झालेल्या दोन रिकाम्या सिरिंजा पडल्या होत्या. दोन, यास्ना. तिसरी सुई त्यांच्या हातात. दुपारच्या जेवणानंतरच कधीतरी त्यांची संध्याकाळ सुरू झाली होती आणि ती पुन्हा पुन्हा सुरू होत होती.

मी ती सुई हिसकावूनच घेतली. 'मध! मध आणा कोणीतरी!' म्हणून जिन्यात ओरडले. ओर्तेन्सियाबाई चपला न घालता वर आल्या. साखर पार उतरून ताचुएलाला झटके यायला लागले होते. मी बोटाने हिरड्यांना मध चोळत होते, त्याचे दात माझ्या बोटात रुतत होते, आणि मी 'नको ना, नको ना' एवढंच म्हणत होते. त्याला बाजाराच्या पिशवीत घालून आम्ही तिघं पायऱ्या उतरलो, खालून शेअर टॅक्सी पकडली. काका मागे बसले होते, पिशवी मांडीवर. अर्ध्या वाटेत त्यांनी मला हळूच विचारलं, 'याला झालंय तरी काय?'

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सलाइन लावलं आणि विचारलं, 'सुया किती दिल्या? खरं सांगा.' काका ताठ उभे राहिले. म्हणाले, 'मला विचारू नका, डॉक्टर. सुई माझी मुलगी देते.' आणि माझ्याकडे वळून म्हणाले, 'यास्ना, सांग बेटा त्यांना.' कसल्या विश्वासाने बघत होते माझ्याकडे, तुला कसं सांगू. मी म्हटलं, 'चुकून दोनदा दिली मी, डॉक्टर.' त्या माझ्यावर कडाडल्या, 'मुली, बोका आहे तो, बैल नाही!' ओर्तेन्सियाबाई मागेच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. म्हणून ती बातमी. त्यांचं चुकलेलं नाही काही.

ताचुएला दुसऱ्या दिवशी घरी आला. पुन्हा असं झालं तर वाचणार नाही, डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलंय. आता इन्शुलिन माझ्या घरी असतं, दोन्ही वेळा मीच वर जाऊन देते. मी ताचुएलाला इकडे आणूनही पाहिलं. तो दाराशी बसून रडतो आणि काही खात नाही, आणि खाल्लं नाही तर सुई देता येत नाही. तिकडे काका जिन्यावर त्याला हाका मारत फिरतात. म्हणून परत नेला. पण मी सुई देते तेव्हा काका खुर्चीत बसून फक्त बघतात. दाढी परत बंद झालीये. दुपारी ड्रॉवर उपसत बसतात आणि काय शोधतोय ते त्यांना सांगता येत नाही. आणि आज मी पोचले तेव्हा ताचुएला त्यांच्या मांडीवर होता, मानेची कातडी दोन बोटांत नीट उचललेली, आणि दुसऱ्या हातात गाद्या शिवायची ती वाकडी लांब सुई. ताचुएला डोळे मिटून, अगदी विश्वासाने बसला होता. मी त्यांचा हात धरला. ते हसले आणि म्हणाले, 'आलीस? याचं एवढं करून टाकतो, मग चहा घेऊ.'

म्हणून हे पत्र, यास्ना. ताचुएलाचं नाहीच आहे हे, तुला केव्हाच कळलं असेल. तू सगळं सोडून ये असं मी म्हणणार नाही, तिथल्या पगारावर हे घर चालतं हे मला माहितीये. त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे न्यायला लागेल, ते मी नेईन, तू हो म्हण फक्त. पण संध्याकाळचं काय करू? मी आज डॉक्टरबाईंना शनिवारचं खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, खरी सुई तू तुझी देत जा आणि त्यांच्या हातात रोज एक मिठाच्या पाण्याची सिरिंज दे, बोक्याला काही होणार नाही. ताचुएलाला उगाच एक टोच आणि त्यांना रोज एक खोटं, एवढंच. तेवढ्यावर ते परत दाढी करतील, टेबल पुसतील, त्यांना वाटेल आपण कोणाला तरी जगवतोय. पण ते माझे वडील नाहीत, यास्ना. एवढ्या ताठ माणसाला रोज त्याच्याच घरात फसवायचं हे मी कसं ठरवू? तू त्यांची मुलगी आहेस. तुला काय वाटतं, देऊ का त्यांच्या हातात ती पाण्याची सुई?

तुझीच,
रायेन