कोटावरची रिकामी जागा

शनिवार, १२ ऑगस्ट २००६, वुडलँड्स, सिंगापूर

हसू आवरत नाहीये, म्हणून आधी लिहूनच टाकते. संध्याकाळी नागपूरहून दादाचा फोन आला. बाबांच्या फौजेतल्या नोंदीत राहून गेलेलं लढाईचं पदक अखेर चढवलंय, पदक पोस्टाने घरी येईल. दुरुस्तीचा अर्ज मीच केला होता, पण मला कुठे आशा होती?

बाबांना होती. पदकांचा क्रम ठरलेला असतो, म्हणून कोटावर ती लावताना त्यांनी त्या एकाची जागा कायम मोकळी सोडली. दोन पदकं, मग फट, मग तिसरं. विचित्रच दिसायचं. छावणीच्या बाजारात तसलं पदक सहज विकत मिळतं. सोबती म्हणायचे, घे आणि लाव, कोण बघतंय? बाबांचं एकच, "नोंदीत नाही ते छातीवर नाही."

मी फोन ठेवला आणि बाबांनी पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनासाठी नागपूरहून सोबत आणलेला लोकरीचा कोट काढला. या उकाड्यात!

"आजोबा, सो हॉट लाह," लेक म्हणाली. ते कोट घालून खाली निघालेसुद्धा. मी मागोमाग.

ब्लॉकखालच्या बाकावर त्यांचे रोजचे मित्र, शेजारचे चिनी अंकल बसले होते. दोघांचंही इंग्रजी जेमतेम. बाबा ताठ उभे राहिले. चमकणाऱ्या तिन्ही पदकांकडे त्यांनी बोटही नेलं नाही. बोट ठेवलं ते थेट त्या फटीवर.

"कमिंग," म्हणाले.

अंकलनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून ती रिकामी जागा नीट बघितली.