मावळतीकडे तोंड केलेलं मैदान

९ मार्च १९९७
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची चरित्रं लिहायला बसतात तेव्हा तारखा सापडत नाहीत. माझ्या बाबतीत ती पंचाईत नको.
लीगचं पत्र आलं. क्लोव्हर बेंडला बेसबॉलची टीम मंजूर! नाव थंडर. मालक मी. बावीस वर्षं या गावातल्या घराघरांत कार्पेट टाकलं, आता मैदान टाकणार. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात बीट आणि मका सोडून काहीतरी उगवेल.
एक अट आहे, किरकोळ. मोसमातल्या घरच्या, म्हणजे आमच्या मैदानावरच्या, शेवटच्या सामन्यात, नवव्या म्हणजे अखेरच्या इनिंगला, अंपायर स्टँडमधली माणसं मोजणार. पाचशेच्या खाली भरली तर टीम बंद. गावात चार हजार लोक आहेत. प्रश्न येईल तो जागेचा.

१७ मार्च
मैदानाची आखणी. कार्पेटवाल्याचा पहिला नियम: नक्षीचं तोंड दारातून येणाऱ्याकडे. पाहुणा खूश तर सगळं खूश. म्हणून स्टँड पूर्वेला, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. समोर सामना, सामन्याच्या मागे सूर्यास्त. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?
बायको, आर्लीन, बॅटर जिथे उभा राहणार तिथे जाऊन उभी राहिली. संध्याकाळचे साडेपाच. कपाळावर हात धरून म्हणाली, वेंडेल, मला तू दिसत नाहीयेस. मी दहा फुटांवर होतो. म्हटलं, तू बॅटर नाहीस.
नियमांच्या पुस्तकात बॅटरचं तोंड पूर्वेकडे असणं 'इष्ट' आहे असं लिहिलंय. इष्ट म्हणजे जमलं तर.

२ एप्रिल
स्टँडचं काँक्रीट ओतलं. आता ब्रह्मदेव आला तरी हलणार नाही. आर्लीनला तसं सांगितलं. ती म्हणाली, तीच तर भीती आहे.

१६ मे
मॅनेजर आला. गस हावरकँप, वय एकसष्ट, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया. गाडीतून उतरला, मैदान बघितलं, सूर्य बघितला, परत गाडीत जाऊन बसला. आर्लीनने कोबी-खिम्याचे गरम पाव खिडकीतून दिले, तेव्हा उतरला. भारावला असणार.
आमच्या तळघरातली खोली ब्रॉडनॅक्सला दिली. आमचा मुख्य बॅटर. शांत पोरगा, दंड माझ्या मांडीएवढा.

४ जून
पहिला सामना! अकराशे लोक! डोळ्यांत पाणी आलं.
चौथ्या इनिंगला सूर्य बरोबर चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या खांद्यावर येऊन बसला. ब्रॉडनॅक्सने तीन चेंडू बॅट न हलवता जाऊ दिले. विचारलं तर म्हणाला, ऐकू आले. अंपायर लुंडग्रेनलाही दिसेना. त्याने सामना थांबवला, सूर्य बुडेपर्यंत. पस्तीस मिनिटं.
आर्लीनने आणि चर्चमधल्या बायकांनी तेवढ्यात टेबलं मांडून दोनशे पाव विकले. सूर्य बुडाला तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अर्धे घरी गेले. अर्धे राहिले, हे महत्त्वाचं.
गस सामन्यानंतर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "वेंडेल, चाळीस वर्षं मी या खेळात आहे. पावसाने सामना थांबलेला बघितला, टोळांनी थांबलेला बघितला, एकदा बैल शिरला होता. स्वच्छ हवेने थांबलेला हा पहिलाच."
पहिला! मी तेच म्हणतोय.

१९ जून
बॅटरना काळे चष्मे दिले. आता सूर्य दिसत नाही. चेंडूही दिसत नाही. प्रगती आहे.

३ जुलै
मैदानाच्या टोकाला साठ फुटी ताडपत्री उभारली. वारा आला. ताडपत्री मक्याच्या शेतात गेली, जाताना आमचा एक खेळाडूही थोडं अंतर बरोबर गेला. खरचटण्यावर निभावलं.

४ जुलै
ताडपत्रीबद्दल लोकांची तक्रार. सूर्यास्त अडला म्हणून. यामागे काही राजकारणी मंडळी आहेत.

२२ जुलै
बाहेरगावच्या मैदानांवर ब्रॉडनॅक्सचे अकरा होम रन, चेंडू थेट कुंपणापार. घरी शून्य. बाहेर आम्ही जिंकतो, घरी हरतो. रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना सांगायची पाळी त्याची होती. त्याने ढग मागितले. आर्लीनने आमेन जरा मोठ्यानेच म्हटलं.
संकल्प: हवामान देवावर सोडायचं नाही.

१२ ऑगस्ट
दिवस लहान होतायत. सूर्य आता दुसऱ्याच इनिंगला येतो, म्हणजे लोकही दुसऱ्याच इनिंगनंतर जातात. काल नवव्याला मी मोजले. बासष्ट. लुंडग्रेनने शेवटच्या सामन्याची आठवण करून दिली. तारीख सत्तावीस. मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी येऊन जेवलो नाही.

१९ ऑगस्ट
आर्लीन म्हणाली, मैदानच फिरव ना. म्हटलं, स्टँड काँक्रीटचं आहे. ती म्हणाली, स्टँड नाही, मैदान.
रात्रभर तळमळलो. सकाळी मलाच कल्पना सुचली: मैदान फिरवायचं! बॅटर तिकडच्या टोकाला, पश्चिमेला, तोंड पूर्वेकडे. सूर्य त्याच्या पाठीशी. सामना थांबणार नाही, लोकांना उठायला निमित्तच नाही. आर्लीनला सांगितलं. वा, म्हणाली.

२५ ऑगस्ट
सहा दिवस फावडी. सगळे खेळाडू खणतायत. कार्पेट उलटं करून पुन्हा टाकतो तसंच. ब्रॉडनॅक्स आज सरावात नव्या जागी उभा राहिला आणि प्रथमच घरी चेंडू बघितला. पोरगा रडला. मीही, पण मी पाठ फिरवून.
गस म्हणाला, आता बॅटर स्टँडपासून चारशे फुटांवर गेलाय. मी म्हटलं, लोकांना नजर आहे.

२७ ऑगस्ट
नऊशे लोक. मोजून.
आता लिहायचंच तर सगळं लिहितो. सूर्य बॅटरच्या पाठीशी होता, म्हणजे लोकांच्या डोळ्यांत. लोकांना बॅटर दिसत नव्हता, पिचर दिसत नव्हता, समोर नुसतं सोनं ओतल्यासारखं. कुणाची तक्रार नव्हती.
दुसऱ्या इनिंगला ब्रॉडनॅक्सने होम रन मारला. मोसमातला घरचा पहिला. चेंडू आला तो थेट आर्लीनच्या टेबलावर, पावांच्या परातीत. कुणाला कळलंच नाही. एकटी आर्लीन टाळ्या वाजवत उभी होती, हाताला कोबी.
मग सूर्य बुडाला. सामना चालूच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खुर्च्यांवरच्या उश्या काखेत मारल्या आणि गेले. फाटकात मी एकेकाला अडवलं, अजून सात इनिंग आहेत म्हटलं. पाठीवर हात ठेवून म्हणायचे, छान होता हं आजचा.
नवव्याला लुंडग्रेनने मोजले. एक्केचाळीस. परत मोज म्हटलं. एक्केचाळीस. तिसऱ्यांदा मोजायला लावले तर चाळीस, मधेच एक उठला.
सामना आम्ही जिंकलो. घरचा पहिला विजय.

३० ऑगस्ट
टीम बंद. गस गेला. ब्रॉडनॅक्सला टेक्सासच्या एका टीमने बोलावलंय. जाताना मला म्हणाला, "मिस्टर वेंडेल, ते सहा दिवस खणायला मजा आली." खोटं बोलायला येत नाही त्याला, म्हणजे खरं असावं. तळघर रिकामं. फार वाईट वाटतंय. कारण लिहीत नाही.

४ सप्टेंबर
संध्याकाळी मैदानाला कुलूप लावायला गेलो. बाहेर गाड्या. आत तीनशे माणसं, मांडीवर घोंगड्या, स्टँडमध्ये बसलेली. चर्चच्या बायका, टेबलं, आर्लीन.
माझी चूक, कबूल करतो, आशा वाटली. पहिल्या रांगेतल्या ओटिस क्लेमला विचारलं, टीम बंद झाली ते कळलं का? म्हणाला, हो, ऐकलं. आता बरं आहे, समोरून कुणी पळत नाही.
मी मैदानात उतरलो, बॅटरची मूळ जागा, होम प्लेट, होती त्या खड्ड्याशी, मावळत्या सूर्याकडे पाठ करून. दोन शब्द बोलणार होतो, सहा महिने पाठ केलेलं भाषण होतं. गळा साफ केला. सगळे गप्प झाले. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती.
वरून आर्लीन म्हणाली, "वेंडेल, खाली बस. दिसत नाहीये."