स्पिंडलची किल्ली धाकटीकडे

हे मृत्युपत्र वाचणाऱ्याने आधी खाली जाऊन मशीनचा मेन स्विच बंद आहे का, ते बघून यावं. बघितलंस? नाही. अर्ध्या जिन्यात कुणी हाक मारली, त्याच्याशी गप्पा मारल्यास आणि तसाच वर आलास. जा पुन्हा. मी मेलेली आहे, मला घाई नाही.

आता रीतसर. मी, या सुतारी कारखान्याची आणि त्याच्या वरच्या दोन खोल्यांची मालकीण, असं जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच तपासलं. गुडघ्यांबद्दल त्या जे बोलल्या, त्याचा या कागदाशी संबंध नाही. मला लिहितावाचता येत नाही, म्हणून मी सांगते आणि समोरच्या घरातल्या निवृत्त टायपिस्टबाई लिहितात. प्रत्येक कलम त्या मला वाचून दाखवतात आणि मी "हं" म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. आणून बघावं.

कलम पहिले. वरच्या दोन खोल्या माझा थोरला मुलगा आणि माझी धाकटी मुलगी यांना निम्म्या-निम्म्या. रस्त्याकडची खिडकी थोरल्याची, कारण येणारी-जाणारी माणसं बघितल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. स्वयंपाकघर सामाईक. भांडी घासणंही सामाईक; हे वाक्य थोरल्यासाठी जरा ठळक अक्षरात लिहावं.

कलम दुसरे. लांब शिडी माझ्या नणंदेला. ती तिच्याकडेच आहे. मी या घरात नवी होते तेव्हा 'उद्या आणून देते' म्हणून नेली होती. तो उद्या काही उजाडला नाही. आता ती तिचीच, कायद्याने. उगाच मनाला लावून घेऊ नये. अजूनपर्यंत घेतलेलं नाहीच.

कलम तिसरे. रंधे, पटाशा, करवती, हातात धरून लाकडाला खाच पाडायचा राऊटर आणि त्याच्या बिटांची, म्हणजे छोट्या पात्यांची, पेटी, हे सगळं थोरल्याला. हातरंध्यावर त्याच्यासारखा कारागीर या रस्त्यावर दुसरा नाही. तोंडावर बोलले असते तर चढून बसला असता, म्हणून कागदावर बोलते.

कलम चौथे. स्पिंडल मोल्डर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लोखंडी टेबलातून उभा दांडा वर येतो, त्यावर पातं बसतं, ते गरगर फिरतं आणि ढकलत नेलेल्या लाकडाच्या कडेला गोलाई किंवा खाच पाडतं. हे मशीन, त्याचे सगळे सुटे भाग आणि मेन स्विचच्या पेटीची किल्ली मी धाकटीला देते. एकटीला.

थोरला असताना धाकटीला का, असं चार लोक विचारतील. त्यांनी ऐकावं.

राऊटरचे छोटे बिट या मशीनवरही चालतात. त्यासाठी दांडा बदलून दुसरा बसवतात, ज्याच्या टोकाला बिट पकडणारी चिमटी असते. कॉलेट म्हणतात तिला. आमची कॉलेट अर्ध्या इंचाची. थोरल्याने स्वस्तात मिळाले म्हणून जे बिट आणले, त्यांची दांडी बारा मिलिमीटरची. फरक पातळ पुठ्ठ्याएवढा. धाकटी म्हणाली, दादा, बारा मिलिमीटरची कॉलेट मागवू या. पण दरवाजाची कड त्याच दिवशी द्यायची होती. याने थंड पेयाचा रिकामा डबा कापला, त्याच्या पत्र्याची पट्टी दांडीभोवती गुंडाळली आणि बिट घट्ट आवळला. वर मला म्हणाला, "बघ आई, डोकं लागतं."

मशीन सुरू झालं. आवाज मला आवडला नाही, पण मी उठले ती चहा टाकायला. कारखान्याच्या कोपऱ्यातल्या गॅसपाशी पोचले आणि मागे खाडकन झालं. बिट सुटला होता. माझ्या खुर्चीच्या पाठीत, माणसाची छाती असते तिथे, रुतून बसला होता.

थोरला पांढराफटक पडला. म्हणाला, "काही झालं नाही ना, आई."

मी म्हटलं, "झालं नाही असं नको म्हणूस. नेम चुकला म्हण."

म्हणून खुर्ची थोरल्याला. बिट उपटायचा नाही. बसायचं तिच्यावरच.

हे कलम असं असणार, हे काल कानावर पडताच तो वर आला. आधी नरमाईने बोलला, मग आवाज चढवला. इतकी वर्षं मशीन मी चालवलं, वडिलांनी मला शिकवलं, आणि किल्ली हिच्याकडे मागायची? शेवटी म्हणाला, "मी थोरला. लोक काय म्हणतील, आई?"

मी म्हटलं, "म्हणतील, याची अजून दहा बोटं आहेत."

वडिलांचा विषय त्याने काढला म्हणून सांगते. ह्यांची दहाच्या दहा बोटं शेवटपर्यंत शाबूत होती. त्यातल्या एकाही बोटाने मला कधी पाण्याचा पेला दिला नाही, तो हिशेब वेगळा. पण मशीनपाशी तो माणूस देवासारखा शांत असे.

कलम पाचवे. मशीन धाकटीला मिळेल ते पुढच्या अटींवर. कॉलेट आणि बिटाची दांडी एकाच मापाची. मध्ये पत्रा, कागद, चिकटपट्टी काही नाही. दांडीवर खूण असते तिथपर्यंत ती आत गेलीच पाहिजे. टोक बाहेर काढून लांबी वाढवायची नाही. लांब दांडी वाकते, मग तुटते. बिटावर जो वेग लिहिला असेल त्याच्या वर जायचं नाही. आपलं मशीन राऊटरपेक्षा हळू फिरतं, म्हणून काप खडबडीत येतो आणि माणूस चिडून जोर लावतो. जोर लावायचा नाही. थोडं थोडं कापायचं, हवं तर चारदा. लाकूड पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध द्यायचं. त्याच्या दिशेने दिलं तर लाकूड पळतं आणि हाताला सोबत नेतं. पात्यावरचा गार्ड लावलेला, लाकूड ढकलायची काठी हातात, आणि बिट बसवल्यावर स्विचला कुलूप असतानाच दांडा एकदा हाताने फिरवून बघायचा.

यातली एक जरी अट मोडली, मग ती धाकटीने का मोडेना, मशीन भंगारवाल्याला वजनावर जाईल. आमच्या पात्यांना धार लावणारे काका ते बघतील. मी त्यांना विचारलं आहे, आणि ते माझ्याहून हट्टी आहेत.

कलम सहावे. बँकेत जे असेल त्यातून आधी बारा मिलिमीटरची कॉलेट. उरलेलं दोघांत सारखं.

इथवर लिहून होतंय तोच थोरला पुन्हा आला. धाकटी माझे पाय चेपत होती. त्याने खिशातून स्विचच्या पेटीची जोडकिल्ली काढली. अशी काही किल्ली आहे हे आम्हा दोघींना ठाऊकच नव्हतं. ती धाकटीच्या मांडीवर ठेवली आणि एवढंच विचारलं, "उद्या मशीन उघडशील?" ती म्हणाली, "आधी बिट दाखव, दादा." तो बिटांची पेटी आणायला खाली गेला. तरीही मी कलम बदललेलं नाही. लिहा, बदललेलं नाही.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मला समजलं, आणि माझ्या मर्जीने मी डाव्या हाताचा अंगठा उठवत आहे.

अंगठा: (निळ्या शाईत, जरा तिरका)
साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही), डॉक्टरीणबाई (सही, वाचता येत नाही असं टायपिस्टबाई म्हणतात)
लिहिणार: समोरच्या टायपिस्टबाई (सही)
ठिकाण: कारखान्याच्या वरची खोली, पलंगावर
तारीख: बारा मार्च, मंगळवार

ता. क. अंगठ्याची शाई वाळायच्या आत आठवलं, म्हणून खाली लिहवून घेते. साक्षीदारांनी इथेही सही केली आहे. मी गेले की थोरला जेवण सोडेल आणि उपाशीपोटी मशीनपाशी जाऊन उभा राहील. त्याचा स्वभावच तो. तेव्हा धाकटीने दुपारी खाली डबा पाठवावा आणि तो रिकामा होऊन वर आल्याशिवाय किल्ली देऊ नये. डब्यात उकडलेली अंडी, पाव आणि दोन केळी. तळलेलं काही पाठवू नये. बोटं ओशट होतात आणि लाकूड हातातून निसटतं.