वर जायला चोवीस मिनिटं

महाळुंगे पडवळ,
ता. आंबेगाव
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. हर्षालीस,

आजीचा पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धड आहोत. म्हैस व्यायली, रेडी झाली. खरवस केला होता. तुझा वाटा कुणाला द्यायचा, म्हणून मीच खाल्ला. कांद्याची लागण उरकली. तुझा बाप हल्ली मोबाईल घेऊन गोठ्यामागं जाऊन बोलतो. विचारलं, कुणाशी रे भरत? तर म्हणतो, "कुणाशी न्हाई, आई." कुणाशी नाही तर एवढा वेळ कसा लागतो?

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, लावून घे.

आधी आनंदाची बातमी. सयाजीभावजींचा डाव मी मोडला! चुलत दीर असले म्हणून काय झालं. आपलं खालचं वावर त्यांना द्यायचं आणि त्यांचं टेकाडावरचं आपण घ्यायचं, असं ते दिवाळीपासून भरतच्या कानाशी लागले होते. "वहिनी, दोन्ही घरापासून सारखीच लांब. मोबाईलच्या नकाशात बघा. म्या सोता चालून बघितलं, आठ मिन्टं!" मंगळवारी घोडेगावला अदलाबदलीचा कागद व्हायचा होता.

तू सुट्टीला आलीस तेव्हा हेच माझ्या डोक्यात होतं. आणि तू तीन दिवस घड्याळ लावून त्याच चढावर वर-खाली करत होतीस, वहीत आकडे मांडत होतीस. एकदा भावजी तुझ्याशेजारी बांधावर उभे राहून हसताना दिसले. मी वहीत डोकावले तर अंड्यासारखं वर्तुळ, आणि ठिपका मधोमध नाही, एका कडेला सरकलेला. मला वाटलं, हा नव्या हद्दीचा नकाशा. तुला विचारलं तर म्हणालीस, "आजी, ठिपक्यावर मी उभी. दहा मिनिटांत ज्या दिशेला जिथवर पोचते तिथवर ही रेघ. उताराकडे लांब, चढाकडे आखूड." वर आणखी सांगितलंस, सपाट कागदाची भूमिती एक, चेंडूसारख्या वाकलेल्या जागेची दुसरी, आणि तुझी तिच्याही पुढची, तिथं कुठल्या दिशेने निघालात त्यावर अंतर ठरतं. इथून तिथं एक, तिथून इथं दुसरंच. अगं, असं तर मापात मारणारा बोलतो! कापड मोजताना जाताना एक गज आणि येताना दुसरा, असं कुणी म्हणालं तर आपण दुकानातून उठून येतो.

म्हणून जेवायला आलेल्या पावण्यांसमोर ते माझ्या तोंडून गेलं. "शिकली आन् भावकीला फितूर झाली." तू ताट तसंच ठेवून उठलीस.

तर भावजींचं सांगत होते. गेल्या रविवारी मी भिंतीवरचं घड्याळ काढलं, काखेत धरलं आणि निघाले. भावजी बांधावरच. "वहिनी, घड्याळाला हवा खायला न्हेताय व्हय?" मी टेकाडाच्या चढाला लागले. वर जायला चोवीस मिनिटं, उतरायला आठ. खालच्या वावराला जायला अकरा, यायला अकरा. मग भरतला बोलावलं आणि त्याच्यादेखत विचारलं, "भावजी, ती आठ मिन्टं तुमी कुठनं कुठं चालला व्हता?" भावजी टोपी झटकायला लागले. "डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन मी टेकाडावरनं घराकडं येणार हाय का?" भरत इतका हसला की भावजी चहा न घेता गेले. कागद रद्द. मला लई आनंद झाला गं. बहात्तराव्या वर्षी तुझी भूमिती माझ्या पायांना समजली.

आता तू विचारशील, हे आजीला सुचलं कसं. वहीतून सुचलं. परत गेल्यावर तू एकदाच फोन केलास आणि रडत म्हणालीस ना, "आजी, माझी वही राहिलीय का गं तिकडं?" तेव्हा ती ज्वारीच्या पिंपात होती. मीच ठेवली होती. आणि मी म्हणाले, "न्हाई बाई, मला न्हाई दिसली."

नंतर काढून वाचली, कळले तेवढे आकडे वाचले. हद्द कुठंच नव्हती, सयाजी कुठंच नव्हते. नुसतं तुझं चालणं होतं. शेवटच्या पानावर एक मोबाईल नंबर होता, तो मी लावला नाही. म्हणजे लावला. तुझी मेसवाली निघाली. म्हणाली, पोरगी डबा तसाच परत पाठवते.

वही दडवून ठेवली तर न्यायला तरी येशील, असंही मनात आलं होतं. तेही सांगून टाकते. एकवीस तारखेला सरांना दाखवायची आहे ना? कुरिअरवाल्यावर माझा भरवसा नाही, भरतवरही नाही. गुरुवारी सकाळी मंचरवरून एसटीने मीच घेऊन येते. होस्टेलचा वॉचमन आत सोडत नाही म्हणतात, तर फाटकाशी उभी राहीन. तू खाली आली नाहीस तर वही त्याच्या हातात देऊन माघारी फिरेन. आणि त्याच्यावर संशय घेणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेली,
आजी कुशाबाई